मेहरजुईंचा ‘लैला’: लैला ‘हो’ का म्हणते?

पानगळ

दारियुश मेहरजुई यांचा ‘लैला’ (१९९७) हा इराणी चित्रपट गेल्या आठवड्यात पाहिला आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. तो येथे विचारते आहे. पुढे कथानक शेवटापर्यंत सांगितलेले आहे, त्यामुळे ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे.

लैला (लैला हातमी) आणि रझा (अली मोसफ्फा) यांची पहिली भेट शोलेज़र्द शिजत असताना होते. शोलेज़र्द म्हणजे केशर आणि गुलाबपाणी घातलेली तांदळाची गोड खीर. नवसाची म्हणून ती मोठ्या पातेल्यांत शिजवायची आणि वाटायची अशी तिकडे रीत आहे. दोघांचे लग्न होते, आणि काही महिन्यांतच, नेमके आपल्या वाढदिवशी, लैलाला कळते की तिला मूल होणार नाही. तपासण्या आणि उपचार होतात, पण उपयोग होत नाही. मग रझाची आई (जमीले शेखी) लैलाच्या मागे लागते की रझाने दुसरी बायको करावी आणि त्याला लैलानेच राजी करावे. लैला राजी होते. एवढेच नव्हे, तर मुली पाहायला जाणाऱ्या नवऱ्याबरोबर ती गाडीतून जाते, त्याची वाट पाहत बाहेर थांबते, आणि शेवटी सवतीसाठी स्वतःचे घर आवरून ठेवते.

माझी अडचण अशी आहे. रझा पुन्हा पुन्हा सांगतो की मला मूल नको, मला तू हवी आहेस. सासऱ्यांना आणि नणंदांना सासूबाईंचा हा बेत मुळीच पसंत नाही. लैलाचे माहेर सुखवस्तू आणि मायाळू आहे. ती शिकलेली, तेहरानसारख्या शहरात राहणारी आहे. कोणी तिच्यावर हात उगारत नाही, कोणी तिला घराबाहेर काढण्याची धमकी देत नाही. एका ‘नाही’ने सारे मिटले असते. मग ती ‘हो’ का म्हणते? हे मला पटण्याजोगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मला सासूपेक्षा लैलाचाच अधिक राग आला. दिग्दर्शकाने कथा पुढे नेण्यासाठी तिला मुद्दाम दुबळे केले आहे, की मलाच काही दिसले नाही?

चौकट

‘एका नाहीने सारे मिटले असते’ हे वाक्य वाचून मला त्या चित्रपटातला टेलिफोन आठवला. पुन्हा पाहाल तेव्हा फक्त तो किती वेळा वाजतो याकडे लक्ष द्या. सासूबाई समोर येऊन जितके बोलतात, त्याहून अधिक त्या फोनवरून बोलतात, आणि प्रत्येक वेळी रझा घरी नसताना. दाराशी आलेल्या माणसाला निदान चहा विचारून विषय बदलता येतो. फोनवर तसे होत नाही. आवाज थेट कानात शिरतो आणि कॅमेरा त्या वेळी लैलाच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो. तिचे उत्तर बहुतेकदा एका शब्दाचे असते. म्हणजे तिला एकदा ‘नाही’ म्हणायचे नाही, रोज म्हणायचे आहे, आणि समोरच्या बाईला रोज विचारण्याचा कंटाळा येत नाही. धमकीला माणूस उलट उत्तर देतो, पण गोड, काळजीच्या सुरात केलेल्या विनवणीला काय उत्तर द्यायचे, हे लैलाला कोणी शिकवलेलेच नाही.

शिवाय सासूबाई एक विलक्षण धूर्त गोष्ट करतात. रझाला मूल हवे आहे, पण तुला वाईट वाटेल म्हणून तो बोलत नाही, असे त्या लैलाला सांगतात. या एका वाक्याने रझाचे प्रत्येक प्रेमळ बोलणे संशयास्पद होते. तो जितक्या ठामपणे ‘मला मूल नको’ म्हणेल, तितकी लैलाची खात्री होत जाते की हा आपल्यासाठी मन मारतो आहे. तिच्या जागी बसून पाहिले तर तिचा ‘हो’ हा सासूला दिलेला होकार राहतच नाही. नवऱ्याच्या न बोललेल्या इच्छेला दिलेला तो होकार आहे, आणि ती इच्छा मुळात आहे की नाही हे तपासण्याचा कोणताही मार्ग तिच्यापाशी नाही.

दिग्दर्शनाबद्दल आणखी एक. इराणी चित्रपटांत १९७९ च्या क्रांतीनंतर घरातल्या प्रसंगांतही स्त्रीपात्राच्या डोक्यावरून वस्त्र असावेच लागते, आणि पडद्यावरचे नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत. (हातमी आणि मोसफ्फा यांनी पुढे १९९९ मध्ये खरोखरच लग्न केले, पण चित्रीकरणाच्या वेळी ते पती-पत्नी नव्हते.) मेहरजुईंनी या बंधनाचा केवढा उपयोग करून घेतला आहे! या जोडप्याची जवळीक आपल्याला जेवणाच्या टेबलावर, गाडीतल्या गप्पांत आणि एकमेकांना हसवण्यात दिसते. म्हणूनच मुली पाहण्याचे ते प्रसंग इतके भयंकर वाटतात. रझा बाहेर येतो, आत पाहिलेल्या मुलीचे वर्णन करतो आणि दोघे हसतात. जे हसू त्यांच्या सुखी दिवसांत होते तेच येथेही आहे. आपण अजून एका बाजूला आहोत असे दोघांना वाटत राहते, आणि एके दिवशी पसंत पडण्याजोगी मुलगी समोर येते.

लग्नाच्या रात्रीचा प्रसंगही तसाच. वरात घरात येते तेव्हा लैला त्याच घरात, दुसऱ्या खोलीत आहे, आणि आपण तिच्याबरोबर फक्त ऐकतो. काही दाखवायला बंदी आहे, म्हणून दिग्दर्शकाने दार लावले आणि प्रेक्षकाला दाराच्या या बाजूला बसवले.

वहिवाट

मूळ प्रश्नातल्या ‘कोणी तिला घराबाहेर काढण्याची धमकी देत नाही’ या भागाबद्दल थोडे लिहितो, कारण तेथे इराणच्या कायद्याची पार्श्वभूमी ठाऊक असली तर चित्र जरा बदलते.

इराणमध्ये पुरुषाला एकाच वेळी चार कायम विवाह करता येतात, हे सर्वांना माहीत असते. पण त्यावर तिथल्या कायद्याने वेळोवेळी वेसण घालायचा प्रयत्न केला आहे, हे फारसे ठाऊक नसते. शाहच्या काळातल्या १९६७ च्या कुटुंब संरक्षण कायद्याने दुसऱ्या विवाहासाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक केली. १९७५ च्या सुधारित कायद्याने ही परवानगी कोणत्या कारणांनी मिळू शकते ते ठरवून दिले. त्यांत पहिल्या पत्नीची संमती हे एक कारण होते आणि पत्नीचे वंध्यत्व हे दुसरे. म्हणजे ज्या कायद्याला स्त्रियांच्या बाजूचा म्हणून नावाजले गेले, त्यातही लैलासारखीसाठी पळवाट होतीच, फक्त ती पुरुषाच्या सोयीची होती.

क्रांतीनंतर या कायद्याची धार गेली. तथापि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विवाहाच्या छापील करारनाम्यात बारा अटी घातल्या जाऊ लागल्या, आणि ज्या अटींखाली नवरा सही करील त्या मोडल्यास पत्नीला घटस्फोट मागण्याचा अधिकार मिळतो. पत्नीच्या संमतीवाचून दुसरी बायको न करणे ही त्यांतली एक अट आहे. नवऱ्याच्या दोषामुळे पाच वर्षांत मूल झाले नाही तर पत्नीला वेगळे होता येईल, अशीही एक अट आहे. ही दुसरी अट ‘लैला’ पाहताना मला सारखी आठवत होती. दोष रझात असता तर कागदावर लैलाला वाट होती. पण त्या वाटेने तिला कोणी रोज फोन करून ढकलले असते का?

आता पहिल्या अटीकडे पाहा. स्त्रीच्या संरक्षणासाठी संमती आवश्यक केली, की ज्यांना दुसरे लग्न लावायचे असते त्यांना ती संमती मिळवावी लागते. चित्रपटात न्यायालय नाही, वकील नाही, करारनाम्याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते तो नसणेच योग्य आहे. पण सासूबाई मुलाच्या मागे न लागता सुनेच्या मागे का लागतात, याचे उत्तर मला येथे सापडते. त्यांना नुसते लग्न नको आहे. सुनेने होऊन दिलेला होकार हवा आहे, म्हणजे पुढे कोणालाच, रझाला तर नाहीच, अन्याय केल्यासारखे वाटणार नाही. लैला नुसती गप्प राहिली असती तरी काम अडले असते, म्हणून तिच्या तोंडून ‘हो’ वदवून घेतले जाते.

जाता जाता सांगतो: २००८ च्या सुमारास पहिल्या पत्नीच्या संमतीची गरजच काढून टाकणारे एक कलम नव्या विधेयकात आले होते, तेव्हा इराणमधल्या स्त्रियांनी त्याला जोरदार विरोध केला. चित्रपटातल्या संमतीची दशा पाहून तिला काय अर्थ, असे वाटू शकते. पण त्या स्त्रिया ती सोडायला तयार नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे.

दफ्तरी

मी काही वर्षे फारसी शिकलो आहे, म्हणून एका शब्दाची भर घालतो. इराणी शिष्टाचारात ‘तआरोफ’ नावाचा प्रकार आहे. आपल्याकडे स्तुती या अर्थाने रुळलेला ‘तारीफ’ हा शब्द आणि हा शब्द एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत, पण अर्थ फार वेगळा आहे. दुकानदार पैसे घेताना ‘राहू द्या, आपल्यापुढे याची काय किंमत’ म्हणतो आणि गिऱ्हाईक आग्रहाने पैसे देते. पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. दारातून आधी कोणी जायचे यावर दोघे थांबून राहतात. स्वतःच्या इच्छेपेक्षा समोरच्याची इच्छा वर आहे असे दाखवायचे, आणि समोरच्याने ते ओळखून आपल्याला वाचवायचे, असा तो अलिखित करार असतो.

लैला आणि रझा यांचे सारे संभाषण या चालीवर चालते. तो म्हणतो, ‘तुला नको असेल तर मी करणार नाही.’ ती म्हणते, ‘तुला हवे ते कर, माझी हरकत नाही.’ (शब्द माझे आहेत, आशय त्यांचा.) दोघेही दारात उभे आहेत आणि ‘आधी तुम्ही’ म्हणत आहेत. तिची अपेक्षा अशी की त्याने आपल्या बोलण्यामागचे ओळखावे आणि आईला स्वतः नकार द्यावा. त्याची अपेक्षा अशी की तिने एकदा तरी रडून, भांडून त्याला अडवावे, म्हणजे आईला सांगायला त्याच्यापाशी कारण असेल. दोघांनाही दुसऱ्याकडून नकार हवा आहे, आणि दोघेही इतके सभ्य आहेत की तो कोणीच देत नाही.

म्हणून मला पानगळ यांच्या रागाचा रोख चुकल्यासारखा वाटतो. रझावर रागवा. मनमिळाऊ, हसरा, बायकोवर खरोखर प्रेम करणारा हा माणूस आईच्या तोंडावर एकदाही ‘हा विषय संपला’ असे ठणकावत नाही. प्रत्येक वेळी निर्णय लैलाच्या ओंजळीत टाकतो आणि त्याला प्रेम समजतो. मोसफ्फाने हे काम इतक्या सहजतेने केले आहे की पहिल्यांदा पाहताना रझा निर्दोषच वाटतो.

सायंतारा

मी येथे सहसा लिहीत नाही. आम्हा दोघांना मूल नाही. तपासण्या आणि उपचारांत आमची सहा वर्षे गेली. त्यामुळे ‘लैला हो का म्हणते’ हा प्रश्न मला पडलाच नाही, आणि तो कोणाला पडू शकतो हे वाचून क्षणभर आश्चर्य वाटले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अशा बाईवर इतरांचा दबाव असतो. असतो, पण त्याआधी तिच्या स्वतःच्या मनात एक हिशेब सुरू झालेला असतो. मी याचे काहीतरी हिरावून घेतले आहे, मी याची देणेकरी आहे, असा तो हिशेब. नवरा जितका चांगला वागेल तितके हे देणे वाढते. मी एकदा नवऱ्याला अगदी शांतपणे म्हटले होते की तू मोकळा हो, दुसरे लग्न कर. कोणी मला तसे सांगितले नव्हते. माझ्या सासूबाईंनी तर हा विषय कधी काढलाही नाही. ते बोलताना मला आपण फार उदार आहोत असे वाटत होते, आणि खोटे कशाला बोलू, त्यात थोडे सुखही होते. कित्येक महिन्यांनी प्रथमच काहीतरी माझ्या हातात होते. शरीर ऐकत नव्हते, तपासणीचे अहवाल ऐकत नव्हते, पण हा त्याग मी ठरवीन तेव्हा आणि ठरवीन तसा होणार होता. लैला सवतीसाठी घर आवरते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी विचित्र तत्परता दिसते, ती मला चांगलीच ओळखीची आहे. तिला दुबळेपणा म्हणवत नाही.

माझ्या नवऱ्याने मात्र तेव्हा जेवणाचे ताट बाजूला सारले आणि तो माझ्यावर खूप चिडला. रझा चिडत नाही. दफ्तरी यांनी लिहिले आहे ते त्या दृष्टीने अगदी खरे आहे.

दुसरी गोष्ट उपचारांची. हा चित्रपट आला तेव्हा इराणमध्ये वंध्यत्वावरचे आधुनिक उपचार नवे नव्हते. तेहरानची रोयान संस्था १९९१ मध्ये सुरू झाली होती. पण दात्याचे बीज किंवा गर्भ वापरण्याचा प्रश्न धर्मशास्त्रात अडकलेला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च नेते खामेनी यांच्या फतव्याने काही अटींवर त्याला वाट मिळाली, आणि २००३ मध्ये तिथल्या संसदेने वंध्य दांपत्यांना गर्भदान करण्याचा कायदा केला. म्हणजे लैलाची कथा सहा-सात वर्षांनी घडली असती तर तिच्यासमोर कदाचित आणखी एक दार असते. ते दार मी पाहिले आहे. त्याच्यापुढेही रांग असते, आशा असते, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी फोनवर ‘काही कळले का’ विचारणारा कोणाचा तरी प्रेमळ आवाज असतो.

चौकट

सायंतारा, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. ‘विचित्र तत्परता’ हे शब्द मला सापडत नव्हते.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. हातात आलेली ती सत्ता लैला पुढे वेगळ्याच रीतीने वापरते. लग्नाच्या रात्री ती घर सोडून माहेरी निघून जाते, आणि मग रझा कितीही आला, त्याने कितीही समजावले, तरी परतत नाही. ज्या बाईला ‘नाही’ म्हणता येत नव्हते ती आता ‘हो’ म्हणायचे नाकारते. दुसऱ्या बायकोला मूल होते, तेही मुलगी. ते लग्न मोडते. रझा मोकळा होतो. सासूबाईंचा सगळा खटाटोप नातवासाठी होता, आणि त्यांच्या पदरात पडले ते मुलाचे उद्ध्वस्त घर. मेहरजुईंनी हे सारे शेवटच्या काही मिनिटांत, जवळजवळ घाईने उरकले आहे. काही जणांना तो दोष वाटतो, मला तसे वाटत नाही. लैलापुरती कथा त्या रात्रीच संपलेली होती.

वहिवाट

मेहरजुईंनी नव्वदच्या दशकात स्त्रीला मध्यभागी ठेवून ओळीने चित्रपट केले. ‘सारा’ (१९९३) आणि ‘परी’ (१९९५) हे त्यांतलेच. ‘सारा’ची नायिका दार उघडून जाते तेव्हा प्रेक्षकाला टाळी वाजवावीशी वाटते. ‘लैला’त ती सोय त्यांनी ठेवलेली नाही. ज्यांनी १९६९ चा ‘गाव’ पाहिला असेल त्यांना (फारसीत ‘गाव’ म्हणजे गाय) हा दिग्दर्शक आपल्या पात्राला किती दूरपर्यंत एकटे सोडू शकतो याची कल्पना असेल. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मेहरजुई आणि त्यांच्या पत्नीची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली, ती बातमी वाचल्यावर मी त्यांचे बरेचसे चित्रपट पुन्हा पाहिले. ‘लैला’ तेवढा एका बैठकीत पुरा करू शकलो नाही.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. सायंतारा, माझ्या प्रश्नाच्या सुरात जो कठोरपणा होता त्याबद्दल मला वाईट वाटते आहे. आपण तो मोठेपणाने बाजूला ठेवलात.

काल रात्री चित्रपट पुन्हा लावला, या वेळी नवऱ्यालाही बसवले. फोनची घंटा मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने सोडून दिली. मुली पाहून परतलेला रझा हसतो आणि लैला हसते तेव्हा पहिल्यांदा मी तिच्यावर चिडले होते. या वेळी दोघांपैकी आधी कोण थांबते तेच पाहत राहिले. आणि शेवट मी पहिल्यांदा नीट पाहिलाच नव्हता, रागाच्या भरात बहुधा. पुन्हा शोलेज़र्द शिजते आहे, पुन्हा तेच माहेर, आणि रझा लहानग्या बारानला घेऊन आला आहे. (बारान म्हणजे पाऊस, हे दफ्तरींना ठाऊक असेलच.) लैला खिडकीतून त्या मुलीकडे पाहते आणि तिच्या मनात येते की रझाच्या आईने इतका हट्ट धरला नसता तर ही पोर जन्मालाच आली नसती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आहे ते हसू आहे, असे मला वाटले.

ती खाली उतरते की नाही, हे दाखवलेले नाही. मी म्हटले, उतरणार नाही. नवरा म्हणाला, मुलीसाठी उतरेल, रझासाठी नाही. मग आम्ही बराच वेळ त्यावरच वाद घालत बसलो.